प्रवासभत्त्यावर चालणारे घर

वाचकाचे पत्र : मी कराडला राहतो आणि एका औषध कंपनीत वैद्यकीय प्रतिनिधी आहे. हातात येणारा पगार ३४,००० रुपये आहे. त्याशिवाय प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता मिळून साधारण १३,००० रुपये पुढच्या महिन्यात जमा होतात. सहा वर्षांच्या मोटारसायकलवर महिन्याला सुमारे १,८०० किलोमीटर फिरतो आणि कंपनी किलोमीटरला ३ रुपये २५ पैसे देते. पगारातून घरभाडे, मुलांची फी आणि हप्ते जातात. किराणा आणि भाजीपाला भत्त्यावर चालतो. तरीही वीस तारखेनंतर पेट्रोल क्रेडिट कार्डावर भरावे लागते आणि कार्डाची बाकी आता २८,००० झाली आहे. मी दरमहा किमान रक्कम भरतो. पाठ दुखते, पावसाळ्यात हाल होतात, म्हणून साडेतीन लाखांची जुनी मोटार घ्यावी असे मनात आहे. पत्नीच्या भिशीचे ३०,००० रुपये लवकरच मिळणार आहेत, ते पहिला भरणा म्हणून देता येतील. टोलचा वार्षिक पास काढला तर मोटार परवडेल का? पेट्रोल आणि घरखर्च कमी कसा करावा?

स. न. वि. वि.

आपण पत्रात सगळे आकडे दिलेत, त्यामुळे अंदाजाने बोलण्याची वेळ आली नाही. आपला प्रश्न पेट्रोल आणि किराणा यांच्याविषयी आहे. परंतु आपले आकडे मांडून पाहिल्यावर असे दिसते की पैसे मुख्यतः वेगळ्याच दोन जागी जात आहेत. एक म्हणजे किलोमीटरच्या भत्त्यातून उरलेली रक्कम आपण घरात वापरता, आणि दुसरी म्हणजे कंपनीच्या प्रवासासाठी आपण स्वतः भारी व्याजाने पैसे उभे करता. या दोन गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय भाजीच्या पिशवीत केलेली काटकसर टिकणार नाही.

प्रथम मोटारसायकलचा हिशेब पाहू. पेट्रोलचा दर १०५ रुपये धरला आणि गाडी लिटरला ५० किलोमीटर देते असे मानले, तर एका किलोमीटरला २ रुपये १० पैशांचे पेट्रोल लागते. कंपनी ३ रुपये २५ पैसे देते, म्हणजे किलोमीटरमागे १ रुपया १५ पैसे आणि महिन्याला सुमारे २,०७० रुपये उरतात असे आपल्याला वाटत असणार. किराण्यात जातात ते बहुधा हेच. परंतु वर्षाला २१,६०० किलोमीटर चालणारी गाडी केवळ पेट्रोलवर चालत नाही. दर तीन हजार किलोमीटरला ऑइल आणि सर्व्हिसिंग, दोन्ही टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, बॅटरी आणि विमा हे सारे जमेस धरले तर वर्षाचा खर्च १८ ते १९ हजारांच्या घरात जातो, म्हणजे किलोमीटरला सुमारे ८७ पैसे. याच्याही पुढे, ९५,००० रुपयांची गाडी सहा वर्षांत एक लाख तीस हजार किलोमीटर चालवून २०,००० रुपयांना विकली, तर ७५,००० रुपयांची झीज झाली, म्हणजे किलोमीटरला आणखी ५८ पैसे. हे सगळे मिळून किलोमीटरचा खरा खर्च ३ रुपये ५५ पैसे होतो. मिळतात ३ रुपये २५ पैसे. म्हणजे महिन्याला दोन हजार उरत नाहीत, उलट सुमारे ५४० रुपयांची तूट येते. ती रोज दिसत नाही इतकेच, आणि सहा वर्षांनी नव्या गाडीच्या कर्जाच्या रूपाने एकदम समोर उभी राहते. आपल्या गाडीचे सरासरी अंतर आणि स्थानिक दर थोडे वेगळे असतील, तेव्हा हेच गणित आपल्या आकड्यांनी पुन्हा करून पाहावे. निष्कर्ष फारसा बदलेल असे मला वाटत नाही.

आपल्या व्यवसायात 'पगार बँकेत राहू द्यावा आणि एक्सपेन्सवर घर चालवावे' असे अभिमानाने सांगितले जाते. त्यात अर्धे तथ्य आहे. दैनिक भत्ता ठोक मिळतो. एक्स-स्टेशनला, म्हणजे सकाळी बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परतण्याच्या कामाला, गेल्यावर आपण हॉटेलात जेवलात काय किंवा घरचा डबा नेलात काय, त्याची रक्कम तीच राहते. त्यामुळे डबा नेऊन दैनिक भत्त्यातून जे उरेल ते खरोखर आपले आहे आणि ते खुशाल घरात वापरावे. किलोमीटरच्या पैशाचे तसे नाही. तो गाडीचा पैसा आहे. एकाच खात्यात दोन्ही भत्ते जमा होत असल्यामुळे हा भेद लक्षात राहत नाही, म्हणून माझी पहिली विनंती अशी की बँकेत एक वेगळे बचत खाते उघडावे, भत्ता जमा झाला की त्याच दिवशी किलोमीटरची पूर्ण रक्कम त्या खात्यात वळवावी, आणि पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, विमा हे सर्व केवळ तिथूनच द्यावे. पहिले दोन-तीन महिने घरात ओढाताण जाणवेल, हे मान्य आहे. परंतु घराचा खरा खर्च किती आहे हे आपल्याला त्याच वेळी प्रथम कळेल.

आता कार्डाकडे वळतो, कारण मला सर्वांत अधिक काळजी त्याची वाटते. भत्ता पुढच्या महिन्यात मिळतो, पेट्रोल मात्र आज भरावे लागते. म्हणजे कंपनीच्या कामासाठी लागणारे भांडवल आपण पुरवता आणि ते आपण कार्डावरून उचलता. किमान रक्कम भरत राहिल्यास उरलेल्या बाकीवर बहुतेक कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. साडेतीन टक्के धरले तर २८,००० रुपयांवर महिन्याला ९८० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,१५० रुपयांच्या पुढे जातात. शिवाय बाकी शिल्लक असताना कार्डावर नवे पेट्रोल भरले, तर त्या नव्या खर्चाला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही. व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. पेट्रोल पंपावर कार्डाचा एक टक्का अधिभार माफ झाल्याचा संदेश येतो तेव्हा बरे वाटते खरे, पण दुसरीकडे साडेतीन टक्के जात आहेत.

म्हणून भिशीचे ३०,००० रुपये मोटारीच्या पहिल्या भरण्यासाठी वापरू नयेत असे मी स्पष्टपणे सुचवतो. ते पैसे आपल्या पत्नीचे आहेत, तेव्हा निर्णय त्यांना विचारून, त्यांच्यासमोर हा व्याजाचा हिशेब मांडूनच व्हावा. त्या तयार असतील तर कार्डाची बाकी एका हप्त्यात पूर्ण फेडावी, आणि वाचलेल्या व्याजातून दरमहा ठरावीक रक्कम त्यांना परत करावी. तसे करायचे नसेल, तर पगारदारांच्या पतसंस्थेचे किंवा बँकेचे सोने तारण कर्ज काढून कार्ड मिटवणेही सध्याच्या स्थितीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यानंतर दिवाळीच्या बोनसमधून एका महिन्याच्या पेट्रोलएवढी, म्हणजे सुमारे ४,००० रुपयांची रक्कम गाडीच्या खात्यात कायमची ठेवावी, म्हणजे भत्ता उशिरा आला तरी कार्डाला हात लावावा लागणार नाही.

भत्ता उशिरा येण्याचे एक कारण आपल्या बाजूलाही असू शकते. डीसीआर, म्हणजे डॉक्टरांच्या भेटींचा रोजचा अहवाल, वेळेवर भरला नाही किंवा एक्सपेन्स स्टेटमेंटची मुदत चुकली की ती रक्कम पुढच्या महिन्यावर जाते, आणि काही कंपन्यांत काही काळाने ती बुडतेही. रोज संध्याकाळी गाडीच्या मीटरचा आकडा, गावांची नावे आणि पेट्रोलचे लिटर एका वहीत लिहावे. यास दोन मिनिटे लागतात. या वहीचा दुसरा उपयोग अधिक मोठा आहे. बहुतेक औषध कंपन्या अंतर मीटरवर नव्हे, तर आपल्या स्टँडर्ड फेअर चार्टवर, म्हणजे गावागावांतील अंतरे आधीच ठरवून दिलेल्या तक्त्यावर, मोजतात, आणि हे चार्ट अनेकदा जुने असतात. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे काढलेली वळणे, मुख्य गावापासून आत तीन-चार किलोमीटरवर झालेली नवी रुग्णालये, आणि पाटणच्या चार्टात न धरलेले मल्हारपेठ यांसारखे थांबे त्यात नसतात. तीन महिन्यांच्या नोंदी हातात ठेवून एरिया मॅनेजरना लेखी विनंती केली, तर चार्ट सुधारून मिळण्याची शक्यता तोंडी तक्रारीपेक्षा पुष्कळ अधिक असते. त्याच पत्रात किलोमीटरचा दर शेवटचा कधी वाढला हेही विचारावे. वर काढलेला ३ रुपये ५५ पैशांचा हिशेब सोबत जोडावा. व्यवस्थापनाला 'परवडत नाही' या वाक्यापेक्षा असा तक्ता नाकारणे अवघड जाते.

प्राप्तिकराविषयी आपण काही विचारलेले नाही, पण अनेक वाचक विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. कामाच्या प्रवासासाठी मिळालेला आणि प्रत्यक्ष त्यासाठीच खर्च झालेला भत्ता करपात्र धरला जात नाही. घरातून कचेरीत जाण्या-येण्याचा खर्च मात्र यात बसत नाही. आपल्या पगाराला नव्या करप्रणालीत तसाही कर लागत नाही, तेव्हा याची चिंता करू नये.

मोटारीचा प्रश्न आता सोपा होतो. लिटरला १८ किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार केवळ इंधनावर किलोमीटरला ५ रुपये ८० पैसे घेते. टायर, दुरुस्ती, विमा आणि झीज धरली तर हा आकडा नऊ-दहा रुपयांपर्यंत जातो. १,८०० किलोमीटरला १६ ते १८ हजार रुपये खर्च, कंपनीकडून दुचाकीच्या दराने ५,८५० रुपये, आणि वर जुन्या मोटारीच्या कर्जाचा हप्ता. हे कोणत्याही पासाने भरून निघणारे नाही. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३,००० रुपयांत सुरू झाला. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर चालतो, आणि कराडहून साताऱ्याला जाताना तासवडे व कोल्हापूरला जाताना किणी असा प्रत्येक नाका ओलांडताना एक फेरी धरली जाते. पास चांगला आहे, पण आपण आज ज्या मोटारसायकलने जाता तिला टोलच नाही. जो खर्च होतच नाही तो वाचवण्यासाठी मोटार घेण्यात अर्थ नाही. पुढे कधी मोटार आलीच, तर आधी नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी असलेल्या मासिक पासाची तासवड्याच्या नाक्यावर चौकशी करावी. आपले घर त्या अंतरात बसत असावे, आणि केवळ साताऱ्याकडे जाणाऱ्याला तो पुरेसा ठरू शकतो. सीएनजीने इंधनाचा खर्च पुष्कळ उतरतो, झीज आणि हप्ता उतरत नाही. आपली बढती होऊन कंपनी मोटारीचा दर देऊ लागेल, तेव्हा हा विचार पुन्हा करावा.

पाठदुखीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. मागचे शॉक ॲब्सॉर्बर सहा वर्षांचे असतील तर ते बदलण्यासाठी दोन-तीन हजार रुपये खर्च करणे हे या पत्रातील मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे जिथे मी आपल्याला अधिक खर्च करायला सांगतो. त्याखेरीज काही दिवस गाडी घरी ठेवता येते. कराड ते सातारा हे अंतर पन्नास-बावन्न किलोमीटर आहे. एसटीच्या साध्या बसचे भाडे २५ जानेवारी २०२५ च्या वाढीनंतरही एका बाजूला शंभराच्या आसपास राहते, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे रुपये. मोटारसायकलवर त्याच फेरीला पेट्रोलचेच २१८ रुपये लागतात आणि झीज धरली तर सुमारे ३७० रुपये. साताऱ्यात बरेच दवाखाने एकमेकांपासून पायी अंतरावर असल्यामुळे तिथे गाडीची उणीव फारशी भासत नाही. पाटण-कोयनानगर किंवा कडेगाव-विटा या मार्गांवर मात्र बसची वाट पाहण्यात दुपारची ओपीडी हुकते, तिथे गाडीच हवी. अशा मार्गांवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींनी आळीपाळीने एकाच गाडीवरून जाण्याची पद्धत आपल्या क्षेत्रात आहेच. ती वापरण्यापूर्वी कंपनीचा नियम वाचावा: चार्टप्रमाणे ठोक रक्कम देणारी कंपनी असेल तर त्यात गैर काही नाही, परंतु प्रत्यक्ष खर्चावर भत्ता देणारी असेल तर मित्राच्या गाडीवर बसून स्वतःच्या गाडीचे किलोमीटर लावू नयेत. जीपीएसच्या दिवसांत असा दावा नोकरीवर बेततो, आणि तो मुळातही योग्य नाही.

टूर प्रोग्रामकडेही, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या गावी जायचे त्या महिन्याच्या वेळापत्रकाकडेही, एकदा पाहावे. एकाच रस्त्यावरील मल्हारपेठ, पाटण आणि कोयनानगर ही गावे वेगवेगळ्या दिवशी लावली असतील, तर ती डॉक्टरांच्या ओपीडीच्या वेळा पाहून शक्य तितकी एका दिवसात गुंफावीत. किलोमीटर कमी झाले की भत्ताही कमी होईल, अशी शंका येईल. परंतु प्रत्येक किलोमीटरला तीस पैशांची तूट आहे हे लक्षात घेता कमी फिरण्यात आपले नुकसान नाही, आणि पाठीला व घराला संध्याकाळचा एखादा तास मिळतो.

पेट्रोल वाचवण्याचे उपाय साधेच आहेत. आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना टायरमधील हवा तपासावी, चेनला नियमित तेल द्यावे, एअर फिल्टर वेळेवर बदलावा आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडकल्यावर वेग वाढवून पुन्हा ब्रेक लावण्यात सर्वाधिक पेट्रोल जाते. तिथे पाच मिनिटे उशीर झालेला बरा. पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक किंवा टाकीत टाकायच्या गोळ्या घेऊ नयेत. आपल्या साध्या इंजिनाला महागड्या प्रीमियम पेट्रोलचाही काही लाभ नाही. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे सरासरी किंचित घटते. त्यावर आपला इलाज नाही, मात्र गाडी २०२३ पूर्वीची असल्यामुळे पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील पुढच्या सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत. आणि कर्नाटकात पेट्रोल दोन-तीन रुपयांनी स्वस्त असले, तरी कामाशिवाय निपाणीपर्यंत जाऊन टाकी भरणे हा शुद्ध तोटा आहे. दहा-बारा लिटरच्या टाकीत तीस रुपये वाचवण्यासाठी आपण कित्येक पट पेट्रोल जाळाल.

विम्यात काटकसर करताना काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही हे नीट पाहावे. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईचा, हप्ता सरकार ठरवते, तिथे घासाघीस होत नाही. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, भाग कंपनीकंपनीनुसार बदलतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारावे. दावा न केल्याबद्दलची सवलत २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून आरसा किंवा इंडिकेटर तुटल्याच्या किरकोळ दाव्याने ती घालवू नये. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तरीही ही सवलत जाते. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मात्र थोडे पैसे वाचवण्यासाठी कधीही वगळू नये. आपण घरातील मुख्य कमावते आहात आणि महिन्याला १,८०० किलोमीटर महामार्गावर असता. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा अपघात विमाही घेतला नसेल तर याच आठवड्यात घ्यावा.

घरखर्चाविषयी मी मुद्दामच शेवटी लिहितो आहे, कारण आपल्या घरात उधळपट्टी असल्याचे पत्रावरून दिसत नाही. दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. महावितरणच्या दरांत शंभर युनिटनंतरचा टप्पा पहिल्या टप्प्यापेक्षा फार महाग आहे. जुना ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला आणि तो रोज बारा तास चालला, तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात, आणि वाचतात ती वरच्या, महाग टप्प्यातील. शंभराच्या पुढे वापर जाणाऱ्या घरात पंख्याची किंमत साधारण दोन वर्षांत वसूल होते. दुसरे म्हणजे गहू, तूरडाळ आणि मिरची-मसाला उन्हाळ्यात वर्षाचे भरून ठेवणे. डाळीला आणि गव्हाला एरंडेल लावून, ऊन देऊन ठेवले तर ते टिकतात. परंतु ही खरेदी कार्डावर किंवा कर्जाने करायची असेल तर ती करू नये, कारण व्याज धान्यातील बचतीपेक्षा अधिक होईल. पुढच्या एप्रिलसाठी आत्तापासून दैनिक भत्त्यातून वाचलेले पाचशे-सातशे रुपये दरमहा बाजूला ठेवले, तर ते रोखीने जमेल. मुलांच्या फीला आणि दुधाला हात लावू नये.

मोटारसायकल आणखी किती चालेल हे गॅरेजवाल्याला विचारून ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा वर्ष-दीड वर्षाने गाडी बदलावी लागली, तर आत्ता मोटारीसाठी मनात धरलेल्या हप्त्याची निम्मी रक्कम दरमहा गाडीच्या खात्यात टाकून नवी मोटारसायकल कर्जाशिवाय किंवा अगदी अल्प कर्जात घेता येईल. भिशीची रक्कम हातात येण्यापूर्वी कार्डाचे ताजे विवरणपत्र काढून पूर्ण फेडीचा नेमका आकडा बँकेकडून लेखी घ्यावा, आणि फेड झाल्यावर पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात मागील व्याजाची शिल्लक राहिलेली नाही ना, ते तपासावे. अनेकदा मधल्या दिवसांचे व्याज तिथे नंतर येते आणि ते भरायचे राहिल्यास दंड लागतो.

आपला,
सल्लागार